कारणाचा रकाना

कारदग्याला नाव पालथी घालून
चार दिवस मी तिच्या पोटाशी बसलो होतो.
तळाला बाभूळ, अंगाला आंबा,
फटींत कापूस आणि डांबर.
गजबर अंबी म्हणाला, येडूरपर्यंत चल की संगट,
गळती लागली तर तूच पायजेस.
सुताराला नावेत बसवणं म्हणजे
आचाऱ्याला पंगतीत बसवणं.
चव लागत नाही, नुसतं मीठ कळतं.

दिवाळी पंधरा दिवसांवर.
दूधगंगा गढूळपणा सोडत होती, पुरता सोडला नव्हता.
पहिला बंधारा सताड उघडा.
गाळ्यातून जाताना दोन खांबांमधली सावली
पाठीवरून ओल्या फडक्यासारखी फिरली
आणि गजबरची शीळ
दुप्पट होऊन त्याच्याकडेच परत आली.
मग सदलगा, म्हशी, धुण्याचे दगड,
ऊस, ऊस, मोटारीचे पाईप, ऊस.

मलिकवाडला मात्र बरगे पडले होते.
सगळे नाहीत. आमच्या गाळ्यात पाच.
पाणी त्यांच्यावरून वळत होतं
रंध्याखालून सुटणाऱ्या सालीसारखं,
कुठंच न तुटता.

वरून एक माणूस उठला, हातात आकडा.
खाकी शर्ट, खाली लुंगी. अडिवेप्पा.
"तडी," म्हणाला.
थांबलो. माझं कानडी तिथवरच.
तो आमच्याकडं बघत नव्हता, नावेकडं बघत होता.
बारा वर्षांत त्याच्या दाराशी नाव आली नव्हती.
गजबरनं पत्र दिलं, मराठीत, सही-शिक्क्याचं.
त्यानं ते उलटं धरलं, सुलटं धरलं,
उडू नये म्हणून वर दगड ठेवला
आणि पोरांना हाक मारली.

पहिला बरगा निघताना म्हाताऱ्यासारखा कण्हला.
दुसऱ्याला दत्तवाडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं,
माझा फूटव्हॉल्व्ह उघडा पडंल की ओ!
अडिवेप्पानं कानडीत शिवी दिली, त्यानं मराठीत.
दोन्ही नीट पोचल्या.
तिसऱ्यानंतर थांबायचं.
वरचं पाणी उतरेतो, खालचं चढेतो.
घाई केली तर नाव नाकावर आपटते.

मी टेप लावली.
गाळा सहा फूट, नाव चार फूट नऊ इंच.
उरलं ते दोन्ही अंगांना वाटायचं,
साडेसात, साडेसात.
खांबावरची ओली रेघ रुंद होत गेली.
चटणी-भाकरी झाली, पान झालं,
एक खंड्या येऊन त्याच जागी तीनदा बसला.
पाण्याचा आवाज इतका हळू उतरला
की थांबल्यावरच कळलं, तो होता.

मग अडिवेप्पानं वही काढली.
"एन बरीली?" स्वतःलाच विचारलं.
एक रकाना होता, बरगा का काढला त्याचा.
पूर. दुरुस्ती. साहेबांचा हुकूम.
नाव कुठंच नव्हती.
पेन झटकलं, दोन अक्षरं लिहिली
आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली:
"मर."

माझ्या हातातली दोरी सुटली.
निघताना आमच्यात असं कुणी बोलत नाही,
वैरीसुद्धा गाव ओलांडेपर्यंत दम धरतो.
गजबर हसता हसता वल्ह्यावर वाकला,
"अरे झाड, झाड म्हणतोय लेका.
झाड अडकलं होतं, ते सोडवलं."

मी तळावर हात ठेवला.
बाभूळ कुणाच्या बांधावरची, विचारलं नव्हतं.
आंबा भोजच्या शिवेवरचा,
वीज पडल्यावरही दोन वर्षं मोहरलेला,
हे ठाऊक होतं.
अडिवेप्पाकडं बघून मान हलवली.
त्यानं वहीवर शिक्का दाबला.

गेलो.
डावा खांब अंगाला घासत गेला
म्हणजे साडेसात इंच मी नीट वाटले नव्हते.
मागं बरगे परत पडायला लागले.
एक. बऱ्याच वेळानं दुसरा.
तिसऱ्याच्या आधी वळण आलं.

गजबर संगमाबद्दल काहीतरी सांगत होता,
तिथं कृष्णेला ओढ कशी असते ते.
माझ्या टाचेला गार लागलं.
खाली बघितलं नाही,
कापसाचा बोळा तेवढा खिशात चाचपला.